पबच्या दाराशी वीस मिनिटं
महाराष्ट्रातून लंडनला पर्यटक घेऊन येणाऱ्या टूर मॅनेजरांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार,

तुमचा लंडनचा कार्यक्रम मला आता तोंडपाठ झाला आहे. बकिंगहॅम पॅलेस बाहेरून. बिग बेन बाहेरून. वेस्टमिन्स्टर ॲबी बाहेरून. सेंट पॉल्स बाहेरून, पायऱ्यांवर ग्रुप फोटो. टॉवर ब्रिज बसमधून. मग लंडन आय आणि मादाम तुसाँ मात्र आतून, कारण त्यांचं तिकीट पॅकेजमध्ये असतं. शेवटी पनीर, डाळ, जीरा राईस, गुलाबजाम. जैन जेवणाची स्वतंत्र सोय.

यात तुमचा दोष काढायला मी हे लिहीत नाही. हातात दीड दिवस, बरोबर चाळीस माणसं, ड्रायव्हरच्या तासांचे कडक नियम आणि प्रत्येक ठिकाणी 'आलोच' म्हणून गायब होणारे दोन काका. एवढ्यात लंडन दाखवायचं म्हणजे कसरतच. माझं ऑफिस सेंट पॉल्सच्या आसपास आहे, त्यामुळे उन्हाळ्यात दुपारी जेवणाच्या सुट्टीत तुमच्या टोप्या आणि बॅचेस मला नेहमी दिसतात. माझं मागणं छोटं आहे. त्या पायऱ्यांपासून पायी दहाएक मिनिटांवर 'द ब्लॅक फ्रायर' नावाचा एक पब आहे. तुमच्या ग्रुपला तिथे घेऊन जा. वीस मिनिटांसाठी. आणि हो, आत.

'पब' म्हटल्याबरोबर तुमच्या मनात काय आलं ते मला इथे बसून ऐकू येतंय. ग्रुपमध्ये ज्येष्ठ नागरिक असतात, माळकरी असतात, सासूसोबत आलेली सून असते. त्यांना दारूच्या ठिकाणी नेलं तर फीडबॅक फॉर्मवर काय येईल? भीती रास्त आहे. आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्यापासून पिण्याची जागा म्हणजे लपायची जागा. परमिट रूम म्हणजे काळ्या काचा, अंधुक दिवे, दाराला पडदा आणि ओळखीचं कोणी दिसलं की मान खाली. इंग्लंडमधला पब हा प्रकार वेगळा. दुपारी तिथे म्हाताऱ्या बायका चहा घेत बसतात, कुणी लॅपटॉप उघडून काम करतं, कुणी वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवतं. लिंबू-सरबतही मिळतं, कॉफीही मिळते. दारूही मिळते हे खरं, पण ती घेतलीच पाहिजे असा आग्रह कोणी करत नाही. आग्रह करून पाजण्याची हौस आपल्याकडच्या लग्नांत जास्त.

पण मी तुम्हाला पबसंस्कृती दाखवायला सांगत नाहीये. मी एक इमारत दाखवायला सांगतेय, आणि त्यामागे माझं म्हणणं असं की तुमच्या यादीतली जवळजवळ प्रत्येक वास्तू राजाची, चर्चची नाहीतर सरकारची आहे. तिथे तुमची माणसं कठड्याबाहेर उभी राहतात. ब्लॅक फ्रायरमध्ये मात्र एका गुत्तेवाल्याच्या पैशातून, मजुराकारकुनांसाठी, शिल्पकारांकडून करून घेतलेलं काम आहे. त्या संगमरवराला पाठ टेकवून बसता येतं. असं दुसरं ठिकाण तुमच्या यादीत असेल तर सांगा, मी हे पत्र मागे घेते.

आता थोडं जागेबद्दल, म्हणजे माइकवर सांगायला तुम्हाला उपयोगी पडेल.

तुमची बस एम्बँकमेंटवरून टॉवरकडे जाताना ब्लॅकफ्रायर्सच्या भुयारी रस्त्यात शिरते. त्या वेळी तुम्ही बहुधा कोहिनूरची गोष्ट रंगात आणलेली असते. हा पब तेव्हा तुमच्या डोक्यावर, डाव्या हाताला, क्वीन व्हिक्टोरिया स्ट्रीटच्या तोंडाशी असतो. म्हणजे वर्षानुवर्षं तुम्ही त्याच्या पायाखालून जाताय.

तेराव्या शतकात इथे डॉमिनिकन या कॅथलिक पंथाच्या फ्रायरांचा, म्हणजे भिक्षूंचा, मठ झाला. हे लोक जंगलात जाऊन बसणारे नव्हते. शहरात राहायचं, भिक्षेवर जगायचं, शिकायचं आणि लोकांना उपदेश करायचा, असा त्यांचा नेम. पांढऱ्या अंगरख्यावर काळा झगा घालायचे म्हणून लोक त्यांना ब्लॅक फ्रायर म्हणू लागले आणि पुढे त्या भागालाच ब्लॅकफ्रायर्स हे नाव पडलं. मठ एवढा मोठा होता की पार्लमेंटची बैठकही तिथे भरली. १५२९ साली आठव्या हेन्रीच्या काडीमोडाचा खटला याच मठाच्या सभागृहात चालला. राणी कॅथरिनने भर दरबारात नवऱ्यापुढे गुडघे टेकले, आपली बाजू मांडली आणि परत बोलावलं तरी मागे न बघता निघून गेली. पुढे पोपशी फारकत घेतलेल्या हेन्रीने देशभरचे मठ मोडीत काढले, त्यात १५३८ साली हाही गेला. (गोव्यातही याच पंथाचा मोठा मठ होता, आणि पोर्तुगीज सरकारने १८३० च्या दशकात मठ बंद केले तेव्हा त्याचीही तीच गत झाली. सरकारची नजर मठाच्या जमिनीवर गेली की धर्म कोणता हा प्रश्न उरत नाही.)

मठ गेला, भिंती राहिल्या. ज्या सभागृहात राणीचा खटला चालला तिथेच पुढे नाटकगृह उभं राहिलं आणि १६०८ नंतर शेक्सपिअरची मंडळी तिथे खेळ करू लागली. १६१३ मध्ये त्याने मठाच्या जुन्या दरवाज्याची इमारतही विकत घेतली. नाटकगृह १६५५ मध्ये पाडलं, आणि उरलेलं बहुतेक सगळं १६६६ च्या आगीत जळून गेलं. आज मठाच्या भिंतीचा एक तुकडा आयर्लंड यार्ड नावाच्या गल्लीत उरला आहे आणि नाटकगृहाची आठवण प्लेहाउस यार्ड या गल्लीच्या पाटीवर.

पब जिथे आहे तो पाचरीसारखा त्रिकोणी तुकडा मात्र एकोणिसाव्या शतकातल्या खोदाखोदीने तयार झाला. १८६४ मध्ये नदीवरून रेल्वे आली. १८६९ मध्ये आजचा ब्लॅकफ्रायर्स पूल झाला, आणि तो बघताना त्याच्या खांबांवरचे कठडे जरूर बघा, ते चर्चमधल्या प्रवचनपीठाच्या आकाराचे केले आहेत, फ्रायरांची आठवण म्हणून. १८७१ मध्ये वस्ती कापत क्वीन व्हिक्टोरिया स्ट्रीट काढला. नवा रस्ता जुन्या वस्तीतून तिरका गेला की कडेला कशाच्याच कामाचे नसलेले कोपरे उरतात. अशाच एका कोपऱ्यात, रेल्वेपुलाला खेटून, १८७५ च्या सुमारास हा पब बांधला गेला. तेव्हा तो चारचौघांसारखाच होता. आजही वरचे मजले पाहिले तर त्यात मान वर करून बघण्यासारखं फारसं काही नाही. जे काही आहे ते तळमजल्याला.

एक बारीक गोष्ट, कारण ती आपल्या माणसांना आवडेल. समोरच्या ब्लॅकफ्रायर्स स्टेशनात जुन्या दर्शनी भिंतीचे दगड जपून लावले आहेत, त्यांवर युरोपातल्या गावांची नावं कोरली आहेत. त्यात ब्रिंडिसी हे नाव शोधा. इटलीच्या टाचेवरचं हे बंदर. १८७० नंतर लंडनहून मुंबईची टपाल रेल्वेने ब्रिंडिसीपर्यंत आणि तिथून बोटीने जायची. आपल्या पणजोबांच्या काळातलं विलायतेचं पत्र त्या दगडावरच्या गावातून आलेलं असायचं.

तर १९०५. तेव्हाचा पबमालक आल्फ्रेड पेटिट याने तळमजला नव्याने सजवायला काढला. ही वेळ लक्षात घ्या. १८९० च्या दशकात लंडनमध्ये पबवर पैशाचा पाऊस पडला होता. दारू गाळणाऱ्या कंपन्या एकमेकींवर चढाओढ करून पब विकत घेत होत्या, कोरीव काचा, महोगनीची लाकडं, पितळी दिवे यांची नुसती लयलूट होती. १८९९ च्या सुमाराला हा फुगा फुटला. भरमसाट किमतीला पब घेतलेले लोक बुडाले. त्यातच दंडाधिकारी परवाने कमी करायच्या मागे लागलेले, आणि १९०४ च्या कायद्याने तर परवाना काढून घेऊन भरपाई द्यायची रीतसर व्यवस्थाच केली. धंद्यातले लोक खर्च आवरत होते त्या दिवसांत या गृहस्थाने वास्तुविशारद आणि शिल्पकार बोलावले.

वास्तुविशारद होता एच. फुलर क्लार्क. नाव ऐकलं नसेल तर वाईट वाटून घेऊ नका, लंडनकरांनीही ऐकलेलं नसतं. रायडिंग हाउस स्ट्रीटवर बोल्टिंग नावाच्या कंपनीसाठी त्याने १९०३ मध्ये केलेली एक इमारत आहे, तिच्यावरची सोनेरी मोझेकची अक्षरं पाहिली की या माणसाला अक्षरांचं केवढं वेड होतं ते कळतं. तेच वेड इथे आहे. शिल्पकार दोन, फ्रेडरिक कॉलकॉट आणि हेन्री पूल.

आधी बाहेरून बघा. कोपऱ्यावरच्या दारावर एक गोल पोटाचा फ्रायर, हात पोटावर, चेहऱ्यावर जेवण झाल्याचं समाधान. दारांच्या वर मोझेकमध्ये मासे धरणारे फ्रायर. भिंतीवर तांब्याचे फलक, त्यांत फ्रायर बोट दाखवून 'सलून इकडे' असं सांगताहेत. त्या काळी पबमध्ये लाकडी आडोसे घालून वर्ग पाडलेले असत, कष्टकऱ्यांचा पब्लिक बार वेगळा, बऱ्या कपड्यांतल्या लोकांचं सलून वेगळं. बिअर तीच, सलूनमध्ये पैसे जास्त. आज आत मोकळं आहे, पण बोट दाखवणारे फ्रायर अजून आपल्या जागी आहेत.

आता आत. दार उघडल्यावर पहिल्यांदा काहीच दिसत नाही, एवढं काही तरी एकदम दिसतं. हिरवा, लाल, सायीच्या रंगाचा संगमरवर. समोर भल्यामोठ्या कमानीखाली शेकोटी, शेकोटीच्या दोन्ही बाजूंना बसायला कोपरे. आणि भिंतीभर तांब्याचे उठावफलक, प्रत्येकात फ्रायरांचं काही ना काही चाललेलं.

एका फलकाचं नाव आहे 'उद्या शुक्रवार'. कॅथलिकांना शुक्रवारी मांस वर्ज्य, म्हणून आदल्या दिवशी फ्रायर मासळी जमवताहेत. जाळी ओढताहेत, हातातून वळवळत सुटणारा मासा आवरताहेत, आणि उपासाच्या पूर्वतयारीत सगळ्यांचे चेहरे एवढे फुललेले की 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही आपली म्हण कोणीतरी कॉलकॉटला सांगितली असावी. दुसरा फलक 'शनिवार दुपार'. त्यात फ्रायर बागेत रमलेले. शनिवारची अर्धी सुट्टी इंग्लंडच्या गिरण्यांत कायद्याने १८५० पासून मिळू लागली. आपल्याकडे रविवारच्या सुट्टीसाठी नारायण मेघाजी लोखंडे यांना लढावं लागलं आणि १८९० मध्ये ती मिळाली. कारकून आणि छापखान्यातले कामगार ज्या पबमध्ये येत, तिथे भिंतीवर 'शनिवार दुपार' लिहिलं की वेगळं काही सांगावं लागत नसणार. शेकोटीवरच्या फलकात काही जण वाद्यं घेऊन भजनी मंडळासारखे गाताहेत.

गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडे पाहुणे आलेले पुण्याचे एक काका या फलकांपाशी बराच वेळ उभे होते. त्यांच्या घरी पूर्वी तांब्यापितळेच्या भांड्यांचा धंदा. मला वाटलं, ते फ्रायरांच्या गोष्टी बघताहेत. ते म्हणाले, "काय गं, हे घासतात कशाने?" मग स्वतःच बारकाईने कडा पाहून म्हणाले, "बरं राखलंय. चिंच लावून खराब केलेलं नाही." शंभर वर्षांच्या धुराने काळपटलेल्या तांब्यात झग्याच्या चुण्यांवर कुठे कुठे गुलाबी चमक आहे, ती त्यांनी मला दाखवली. मी इतकी वर्षं तिथे जाते, मला ती दिसली नव्हती. काकांनी लेमोनेड घेतलं. गळ्यात माळ होती.

फलकांच्या मागे तीन कमानी आहेत आणि त्यांतून आत गेलं की एक छोटी खोली लागते. ती रेल्वेपुलाच्या कमानीखालची जागा कोरून पहिल्या महायुद्धाच्या शेवटाशेवटाला आणि नंतर सजवली गेली, ती मुख्यतः हेन्री पूलने. छत पिंपासारखं गोलाकार, त्यावर सोनेरी मोझेक. भिंती संगमरवराच्या आणि अलाबास्टरच्या. इथे दिवे कोणी धरले आहेत ते बघा: लाकडात कोरलेल्या फ्रायरांच्या खांद्यावर कावड आणि कावडीला घागरींऐवजी दिवे. कोपऱ्यांत चार खोडकर भुतं बसली आहेत. इसापच्या गोष्टी आणि इंग्रजी बडबडगीतांतली पात्रंही कोरलेली सापडतात. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना हम्प्टी डम्प्टी शोधायला लावा, मोठ्यांना पाच मिनिटं शांतता मिळेल.

आणि सगळीकडे सुविचार. 'परिश्रम हेच सर्वस्व'. 'शहाणपण दुर्मीळ'. 'मौन सोन्याचं'. 'घाई म्हणजे उशीर', म्हणजे आपल्या घाटातल्या पाट्यांवरचं 'अति घाई संकटात नेई'. 'जाहिरात करू नका, एखाद्या गप्पिष्टाला सांगा'. हा सुविचार कपडे धुणाऱ्या फ्रायरांच्या चित्राला दिलेला आहे, धुण्याच्या दगडावर गावाच्या बातम्या कशा पसरतात हे लंडनमध्येही ठाऊक होतं म्हणायचं. माझा सगळ्यात आवडता: 'भपका म्हणजे मूर्खपणा'. हे वाक्य कुठे लिहिलंय? सोनेरी मोझेकच्या छताखाली, रंगीत संगमरवराच्या खोलीत. पबमध्ये परिश्रमाचा उपदेश, गोंगाटात मौनाची थोरवी, थाटामाटात साधेपणाचे गोडवे. हे नकळत झालेलं नाही, करणाऱ्यांनी गालातल्या गालात हसत केलं आहे. शाळेच्या फळ्यावर रोज सुविचार लिहिलेल्या आपल्या माणसांना ही थट्टा कळायला गाईडची गरज पडणार नाही.

एक खटकणारी गोष्टही सांगून टाकते. खरे डॉमिनिकन विद्वान होते, वादपटू होते. त्यांना इथे खादाड, झोपाळू, गोलमटोल करून ठेवलं आहे. प्रोटेस्टंट इंग्लंडने ज्यांचे मठ मोडले, त्यांचीच साडेतीनशे वर्षांनी टवाळी करून दारू विकली, असं कोणी म्हटलं तर मी फार वाद घालणार नाही. पण चेहरे पाहिले की त्यात द्वेष दिसत नाही. या फ्रायरांवर हसायचं आणि त्यांच्या पंक्तीला बसायचं, असा तो मामला आहे.

त्या वेळी इंग्लंडमध्ये आर्ट्स अँड क्राफ्ट्स नावाची चळवळ जोरात होती. विल्यम मॉरिससारखी माणसं म्हणत होती की यंत्राच्या मालाने हाताची कला मारली, तिला परत आणा, आणि ती सामान्य माणसाच्या घरात न्या. झालं उलटंच. हाताने केलेलं महाग पडायचं, म्हणून ते श्रीमंतांच्या दिवाणखान्यात गेलं. ब्लॅक फ्रायरमध्ये मात्र ती कला पेला घेऊ शकणाऱ्या कोणाच्याही आवाक्यात आली. याच विचाराची एक आधीची झुळूक मुंबईत आहे, आणि ती तुमच्या ग्रुपमधल्या मुंबईकरांनी शंभरदा पाहून न पाहिलेली असते: क्रॉफर्ड मार्केटच्या प्रवेशदारावरची शिल्पं. १८६९ ची इमारत, विल्यम इमर्सनची. शिल्पं जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवणाऱ्या लॉकवुड किपलिंगची, शेतात राबणाऱ्या माणसांची. भाजीबाजाराला शिल्पकार कशाला, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही हे आपलं नशीब.

शिल्पकारांविषयी एवढंच आणखी. मार्गेट या समुद्रकाठच्या गावात १८९७ साली बुडणाऱ्यांना वाचवायला निघालेली बोट उलटून नऊ जण गेले. त्यांच्या स्मारकाचा, समुद्राकडे बघत उभा असलेला पुतळा कॉलकॉटचा. आणि हेन्री पूलने पुढे पोर्ट्समथ, प्लिमथ, चॅटम इथल्या नौदलाच्या युद्धस्मारकांची शिल्पं केली, ज्यांचे देहही मिळाले नाहीत अशा हजारो खलाशांच्या नावांभोवतीची. सोनेरी छताखालची ती भुतं आणि ती स्मारकं यांच्यामध्ये फार वर्षं गेलेली नाहीत. मला त्या छोट्या खोलीत बसलं की हे आठवतं, तुमच्या ग्रुपला नाही सांगितलं तरी चालेल.

हे सगळं आज आहे ते कुणी तरी भांडलं म्हणून. १९६० च्या दशकात लंडनमध्ये जुनं पाडून रुंद रस्ते आणि काचेची ऑफिसं उभारायचं वारं होतं. यूस्टन स्टेशनची भव्य दगडी कमान १९६१-६२ मध्ये पाडली. या पबपासून सव्वा-दीड किलोमीटरवर असलेली कोल एक्सचेंजची १८४९ ची लोखंडी घुमटाची इमारत १९६२ मध्ये रस्तारुंदीसाठी गेली. ब्लॅक फ्रायरही त्याच वाटेने जायचा होता. जॉन बेचमन नावाचा कवी यूस्टनसाठी लढून हरला होता, कोल एक्सचेंजसाठी हरला होता, तरी इथे पुन्हा उभा राहिला. या वेळी जिंकला. आजूबाजूच्या इमारती गेल्या, म्हणून आज हा पब वाड्याची एकच खोली उरावी तसा एकटा दिसतो. आता तो दुसऱ्या श्रेणीत तारांकित ('ग्रेड टू स्टार') म्हणून संरक्षित आहे, इंग्लंडमधल्या संरक्षित वास्तूंपैकी सहाएक टक्क्यांनाच तो मान आहे. आपल्या मुंबईतही १९९५ पासून वारसा वास्तूंच्या श्रेण्या आहेत, पण त्या यादीत नाव असूनही ताडपत्री पांघरून पडलेल्या इमारती तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असतील. सेंट पँक्रस स्टेशनावर याच बेचमनचा पुतळा आहे, टोपी धरून छताकडे बघणारा. युरोस्टारने पॅरिसला जाताना तुमचे ग्रुप त्याच्यापाशी सेल्फी काढतात. तो कोण, हे सांगायला आता तुमच्याकडे गोष्ट आहे.

राहता राहिला तुमचा हिशोब: वेळ, पैसे, तक्रारी.

बस पबसमोर थांबत नाही, तिथे वाहतुकीचा चौक आहे. त्याची गरजही नाही. सेंट पॉल्सचा फोटो झाला की ग्रुपला दक्षिणेकडच्या कार्टर लेनमध्ये घ्या. ही गल्ली अरुंद, जुनी आणि रहदारीची नाही, माणसं विखुरणार नाहीत. मधेच चर्च एंट्री नावाच्या बोळातून आयर्लंड यार्डमध्ये डोकावून मठाच्या भिंतीचा तुकडा दाखवता येईल, तिथून प्लेहाउस यार्ड, मग ब्लॅक फ्रायर्स लेन. वाटेत औषधविक्रेत्यांच्या संघाचं १६७२ चं अपॉथेकरीज हॉल लागतं. उतार संपला की क्वीन व्हिक्टोरिया स्ट्रीट, रेल्वेपूल आणि पोटावर हात ठेवून उभा असलेला तुमचा फ्रायर. गुडघेदुखीवाल्यांसाठी: रस्ता सगळा उताराचा आहे, परत चढावं लागू नये म्हणून बस नदीकाठी कुठे घेता येईल ते ड्रायव्हरशी आधी बोला.

चाळीस जण एकदम आत घुसवू नका. दहा-दहाचे गट करा, बाकीचे बाहेरचं मोझेक आणि समोरच्या स्टेशनातलं ब्रिंडिसी बघतील. स्टेशनात स्वच्छतागृहही आहे, म्हणजे ते तुम्हाला नाहीतरी शोधावंच लागलं असतं. आत टेबलाशी कोणी ऑर्डर घ्यायला येत नाही, काउंटरवर जाऊन सांगायचं आणि तिथेच पैसे द्यायचे. नुसतं बघून निघणं बरं दिसत नाही, गटाने चार-पाच कॉफ्या, ज्यूस घेतले की झालं. ही रक्कम पॅकेजमध्ये धरा, माणशी विचारत बसलात तर वीस मिनिटं त्यातच जातील. ज्याला बिअर हवी त्याने ती आपल्या पैशाने घ्यावी, आणि ती घेतली हे बसमध्ये माइकवरून जाहीर होणार नाही एवढी काळजी तुम्ही घ्या. भिंतींना हात लावू नका असं सांगा, निदान तांब्याला तरी.

बरोबर मुलं असतील तर आदल्या दिवशी फोन करून विचारा. वेळ सकाळची किंवा दुपारी तीनच्या आसपासची ठेवा. जेवणाच्या वेळेला नको. संध्याकाळी पाचनंतर आसपासची सगळी ऑफिसं इथे रिकामी होतात, माणसं फुटपाथवर पेले घेऊन उभी राहतात आणि फलक दिसायचे सोडाच, दारही दिसत नाही. गुरुवारी संध्याकाळी तर चुकूनही जाऊ नका.

आपली,
लंडनमधली एक मुंबईकर